षष्ठी

गंगाव्वा कामकर वडगावहून चालत आली,
पदराच्या गाठीत नाणं घेऊन.
खड्डामाग काढून पॉवरलूम बसवताना निघालं, म्हणाली.
पॉवरलूम बसून पाच वर्षं झाली होती.
मी काही बोललो नाही.
शहापूरच्या सराफकट्ट्यावर
न विचारणं हाही धंद्याचाच भाग.

आठ ग्रॅम, वीस.
कसोटीवर ओढलं. रेघ पिवळी, लोण्यासारखी मऊ.
आम्ल सोडलं. रेघ जागची हलली नाही.
"शंभर नंबरी," मी म्हणून गेलो
आणि लगेच जीभ चावली;
विकत घ्यायचं असतं तर हे आधी बोलायचं नसतं,
बापानं एवढंच तर शिकवलं होतं.

एका अंगाला तोंड. शिरस्त्राण, त्यावर बैलाचं शिंग,
नाक असं, की दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नसावी.
दुसऱ्या अंगाला दोन घोडेस्वार, भाले रोखलेले.
गंगाव्वानं बोट ठेवलं: "ह्यो मैलार. आनि ह्यो मागचा?"
"हेगडी प्रधान," मी म्हणालो.
तिनं नाणं कपाळाला लावलं.

देसूरकर मास्तर समोर पान लावून घेत होते.
त्यांना हाक मारली.
माझं भिंग डोळ्यात अडकवून ते बराच वेळ गप्प,
मग पान एका गालात सारून म्हणाले,
बल्खचा असावा. युक्रातिदेस. छातीठोक नाही सांगत,
नाव अर्धं झिजलंय.
याला याच्याच पोरानं मारला म्हणतात,
वरून रथ हाकला, रक्तातून चाकं नेली,
आणि पुरू दिला नाही.

गंगाव्वानं तोंडाला पदर लावला.
"कशापायी?"
ते मास्तरांना माहीत नव्हतं.

मग त्यांनी घोड्यांच्या वरून नख फिरवलं.
"बासिलेओस. राजा नव्हे हो, राजाचा.
षष्ठी आहे. चा, ची, चे."
"राजाचं काय?"
"तेवढंच लिहिलेलं नाही."

मला हसू फुटलं. या गावात
आमचा सगळा जन्म षष्ठीत गेला.
नाल्याअलीकडचं शहापूर सांगलीकरांचं,
पलीकडचं बेळगाव साहेबाचं, आजोबा सांगायचे.
गल्ल्यातल्या पितळी वजनावर संस्थानाचा ठसा,
त्यावर मुंबईचा, त्यावर म्हैसूरचा;
चौथ्याला जागाच उरली नाही,
तो बुडाला मारलाय.
रस्त्याच्या पाटीवर रात्री कुणी डांबर फासतं,
दुसऱ्या रात्री दुसरं कुणी,
आणि गंगाव्वाला वाचता येत नाही,
ती डांबराच्या डागावरून गल्ली ओळखते.

"हे सरकारात जमा करायला हवं," मास्तर म्हणाले.
"कुठल्या?"
टोमणा नव्हता तो. तिला खरंच पत्ता हवा होता.
मास्तर भिंग पुसत बसले.

नातीला बुगड्या करायच्या होत्या.
मूस तापत ठेवली, टाकणखार काढला,
चिमट्यात धरलं तर शिंगावर उजेड आला
आणि हात काही खाली जाईना.
मी म्हणालो, अक्का, कडी लावून देतो,
तुझ्या हारात पुतळ्या आहेत ना, त्यांच्यात एक ही.
ती पुष्कळ वेळ मुशीकडे बघत राहिली.
"राजाचं तोंड आत घाल," म्हणाली शेवटी.
"पोरानं मारलंय. थोडं ऊबंत राहू दे."

चूक की बरोबर, मला अजून कळलेलं नाही.
मास्तर त्यानंतर महिनाभर दुकानावरून गेले नाहीत.
कसोटीवरची रेघ मी पुसली नाही,
पण वर वाट्या, डूल, कुणाची मोडलेली साखळी,
आता तीच ती, असं बोट नाही ठेवता येत.

पावती केली. कडी जोडणावळ. नाणे, नग एक.
पुढचा रकाना: कोणाचे.
पेन जरा थांबलं.
गंगाव्वा कामकर हिचे, असं लिहिलं,
चे जरा जास्तच गिरवला गेला.
तिनं पावती उलटीसुलटी पाहिली, घडी केली,
आणि जोडणावळीतले वीस रुपये कमी करायला लावले.